चार वाजताचं ऊन

१४ ऑगस्ट २०२५
छत्रपती संभाजीनगर

लाइबा,

पत्र बघितल्या बघितल्या फाडू नको. वाचून मग फाड. तुझा हैदराबादचा हा पत्ता काढायला मी छावणीत जैतुनखालांकडे चार चकरा मारल्या. तीन वेळा चहा पाजून परत पाठवलं तुझ्या अम्मीनं. चौथ्या वेळी शाळेच्या गणवेशाला बटणं लावता लावता मान वर न करता म्हणाल्या, "नंबर नै देती मैं. उसने मना करके रखी. खत लिख. पढ़ना होंगा तो पढ़ेगी."

म्हणून हा कागद. माझं अक्षर किती घाण आहे ते तुला माहीतच आहे. पॉलिटेक्निकला माझी जर्नल तूच लिहून द्यायचीस.

नऊ मार्चनंतर आपण बोललो नाही. पाच महिने झाले. त्याआधीच्या सात वर्षांत आपण पाच दिवससुद्धा अबोला धरला नव्हता. भांडण झालं तर शिव्या घालायला का होईना तू फोन करायचीस. तुझ्यावर दोन वर्षांची बंदी आहे, गेमिंग करंडकाच्या यादीत तुझ्या नावापुढं 'फसवणूक' असं छापलंय, हे मी विसरलेले नाही. पण त्या दिवसाबद्दल या पत्रात लिहायचं नाही असं ठरवून बसलेय. मला फक्त तुझी आठवण येते हे सांगायचंय. लई येते. सकाळी सहाच्या पाळीला वाळूजची बस पकडते तेव्हा येते, आणि दुपारी परत येऊन कीबोर्ड उघडते तेव्हा तर विचारूच नको.

कीबोर्ड बनवायचं काम चालू आहे. गेमिंगवाली पोरं येतात, त्यांचे हात मोजते. आपली पद्धत तीच ठेवलीय. बोट बटणावर निवांत टेकवायला सांगायचं आणि खालची स्प्रिंग बदलत जायचं. बोट नुसतं टेकलं तर बटण बसत नाही आणि मनात आलं की बसतं, ती स्प्रिंग त्या बोटाची. पोरं घाई करतात. त्यांना सगळ्या बटणांना एकच हलकी स्प्रिंग हवी असते, वर सात रंगांचे दिवे. मग मी रागावते, आणि रागावताना मला माझाच आवाज तुझ्यासारखा ऐकू येतो. कुणाचाही हात समोर आला की तुझ्या डाव्या हाताशी ताडून बघते. तुझ्या करंगळीइतकी हलकी करंगळी अजून एकाचीही निघाली नाही.

ता. क. तुझा सामन्याचा कीबोर्ड तू नेलास का? इथं माझ्या खोलीत नाहीये. नेला असशील तर उन्हात ठेवू नको. खिडकीजवळही नको. प्लास्टिक पिवळं पडतं.

तुझी,
पेरू

१ सप्टेंबर २०२५

लाइबा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, पण पोस्टमन दिसला की पाय आपोआप दाराकडं वळतात, त्याला काय करू?

काल गुलमंडीत गेले होते. सगळीकडं गणपतीचे मांडव. एका मांडवाला लांब झालर लावली होती, पट्ट्यापट्ट्यांची, आणि वाऱ्यानं ती फडफडत होती. खाली रस्त्यावर ऊन-सावली, ऊन-सावली. मला एकदम गरगरलं. दुकानाच्या पायरीवर बसले. एका बाईनं पाणी दिलं आणि विचारलं, "उपास आहे का?" मी हो म्हणाले.

मागच्या पत्रात मी प्लास्टिक पिवळं पडतं म्हणून लिहिलं. ते खोटं होतं. म्हणजे पडतं पिवळं, पण त्यासाठी नव्हतं लिहिलं.

नऊ मार्चच्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी तू अम्मीबरोबर गणवेशांचा गठ्ठा पोचवायला गेली होतीस. तेव्हा मी तुझ्या कीबोर्डाच्या बटणांखालचे स्विच बदलले. डाव्या बाजूचे सगळे. चिमट्यानं काळे उपटले आणि माझे नवे पारदर्शक बसवले. दहा मिनिटं लागली. आपल्या स्विचला ना सोल्डरचा टाका मारावा लागतो ना तार जोडावी लागते, कुणीही हवं ते काढून हवं ते घालावं, हीच तर आपण सगळ्यांना खुबी सांगत फिरायचो. स्प्रिंगा तुझ्याच ठेवल्या. बोटाला फरक कळला नसता.

का बदलले? पुण्याच्या त्या कंपनीची माणसं दुसऱ्या दिवशी आपले स्विच बघायला येणार होती, आणि सामना कॅमेऱ्यावर दिसणार होता. काळ्या स्विचमधून उजेड दिसत नाही. पारदर्शक स्विच खालून पेटले की नजर हटत नाही. ते माझं डिझाइन होतं, साचासुद्धा मी सुट्टीच्या दिवशी कंपनीतल्या टूलरूमवाल्यांच्या पाया पडून बनवून घेतला होता. तो स्विच जगानं बघावा असं मला वाटलं. तुझ्या हाताखाली बघावा, असं वाटलं.

तुला विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस. सामन्याच्या आधी तू चप्पलसुद्धा बदलत नाहीस.

सकाळी तू म्हणालीस, "आज दिवे लई चमकतेत गं." मी म्हणाले, "उजेड वाढवलाय थोडा." तू खुश झालीस आणि माझ्या गालाला हात लावून तो हात स्वतःच्या ओठांना लावलास.

एवढंच सांगायचं होतं. कीबोर्ड उन्हात ठेवू नको.

पेरू

११ ऑक्टोबर २०२५

लाइबा,

एवढंच सांगायचं होतं असं लिहून मी ते पत्र पोस्टात टाकलं आणि घरी येऊन स्वतःलाच लाज वाटली. अर्धं सांगणं हे माझं जुनंच दुखणं आहे. आता उरलेलं सांगते. मध्ये थांबणार नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी, तुमच्या मागच्या खोलीत, मी एक पारदर्शक स्विच सर्किटच्या पट्टीवर बसवून, कॉम्प्युटरला जोडून खिडकीत ठेवला होता. तू झोपली होतीस. चारच्या सुमाराला पश्चिमेचं ऊन आत आलं आणि स्क्रीनवर अक्षर उमटायला लागलं. एकच अक्षर, ओळच्या ओळ. कुणी बटणाला हात लावलेला नव्हता. मी तळहात आडवा धरला, थांबलं. हात काढला, सुरू झालं. मला सगळं समजलं आणि मी हसले. 'उन्हात बसून खेळतंय कोण!' असं म्हणून पडदा ओढला. तुला उठवलं नाही.

नऊ मार्चला क्रांती चौकाजवळ त्यांनी मांडव टाकला. मार्चात, उघड्यावर, पश्चिमेला तोंड करून. तुझी उपांत्य फेरी चारला सुरू झाली. तुझी खुर्ची कडेची. ऊन डावीकडून तिरपं येत होतं आणि मांडवाच्या झालरीतून चाळून थेट तुझ्या करंगळीच्या बाजूनं, बटणाखालून, स्विचमध्ये शिरत होतं. करंगळीखालचं बटण म्हणजे गेममधल्या सैनिकाला खाली बसवायचं बटण. वारा सुटला, झालर फडफडली आणि तुझा सैनिक उठाबशा काढायला लागला. लोक हसले. मग हसायचे थांबले, कारण समोरच्याच्या गोळ्या तुझ्या डोक्यावरून जात होत्या आणि तू जिंकत होतीस.

पंच कारभारी सरांनी नोंद काढली. सेकंदाला अकरा वेळा दाबलेलं बटण. ते म्हणाले, "माणसाचं बोट असं चालत नसतं. हे कीबोर्डात आधीच भरून ठेवलेलं आहे." मग त्यांनी मला बोलावलं. पुण्याची माणसं माझ्या शेजारीच उभी होती. सरांनी विचारलं, "कीबोर्ड तुम्ही बनवलाय ना? यात काही दोष असू शकतो का?"

लाइबा, मी तुझ्या हाताकडं बघितलं. त्या क्षणीसुद्धा त्याच्यावर ऊन-सावली नाचत होती. मला माहीत होतं. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं, आणि मी दुसरंच बोलले. "कीबोर्डात दोष नाही, सर. त्याच्या मेमरीत कुणी काय भरलं असेल ते मी कसं सांगू?"

त्यांनी मेमरी तपासली. रिकामी होती. म्हणाले, पुसली असेल. तू माझ्याकडं बघत होतीस. मी वायर गुंडाळत बसले होते.

तू भांडली नाहीस. रडली नाहीस. मला वाटलं तुला राग आलाय, तो जाईल. एप्रिलमध्ये तू हैदराबादला फुफूकडं निघून गेलीस आणि जूनमध्ये माझा पुण्याच्या कंपनीशी करार झाला. त्या दिवशी मी पेढे आणले आणि खोलीत बसून एकटीनं दोन खाल्ले. उरलेल्यांना मुंग्या लागल्या.

प्रेरणा

१६ नोव्हेंबर २०२५

लाइबा,

दिवाळीत आई-बापूंकडं गंगापूरला गेले होते. चार दिवस राहायचं होतं, दोन दिवसांत परत आले. सरळ छावणीत तुमच्या घरी गेले आणि जैतुनखालांना सगळं सांगितलं. तू सांगितलं असशील असं वाटलं होतं. तू त्यांना काहीच सांगितलेलं नाहीस. माझी बाजू झाकलीस की तुला तो विषयच नको होता, कुणास ठाऊक.

खालांना आधी स्विच समजावून सांगावा लागला. मी एक उघडून त्यांच्या शिलाई मशीनवर ठेवला. त्यांनी चष्मा लावला.

"ये बत्ती किसकू देखती?"

मी सांगितलं, बत्तीच्या समोर एक डोळा आहे. मध्ये काडी आडवी असते. बटण दाबलं की काडी सरकते आणि बत्तीचा उजेड डोळ्यात जातो. डोळ्याला एवढंच कळतं, उजेड आला म्हणजे बटण दाबलं.

"सूरज का उजाला आया तो?"

"तरी त्याला तसंच वाटतं."

खालांनी स्विच उचलून खिडकीच्या उजेडात धरला. "मतलब वो आंख कू बत्ती और सूरज में फरक नै मालूम."

"नाही."

"तेरेकू मालूम था."

"व्हय, खाला."

त्यांनी चष्मा काढला, मशीनवर झाकण घातलं आणि आत गेल्या. मी तशीच बसून राहिले. गॅसवर ठेवलेला चहा त्यांनी बंद केला, त्याचा आवाज आला. तुमच्या घरात मला चहा न मिळायची ती पहिली वेळ. मग आतूनच म्हणाल्या, "कल चार बजे आना. लेके आना वो सब."

दुसऱ्या दिवशी गच्चीवर कपड्यांच्या दोरीला झालर बांधलेली होती. गणवेशाच्या निळ्या कापडाच्या पट्ट्या, नीट कडा दुमडून शिवलेल्या. खोटं काम त्यांना जमत नाही, प्रयोगाच्या झालरीलासुद्धा त्यांनी दुहेरी शिलाई मारली होती. मी माझ्याकडचा तसाच एक कीबोर्ड डावीकडं ऊन येईल असा ठेवला. वाऱ्याची वाट बघत आम्ही दोघी पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलो. वारा आला. सेकंदाला नऊ, दहा, एकदा बारा वेळा. बटणाला कुणाचाही हात नाही. मग काळे स्विच बसवले. वारा तोच, ऊन तेच. एकदाही नाही.

सगळ्याचं चित्रीकरण केलं. खालांनी स्क्रीनकडं बोट दाखवून कॅमेऱ्यात बघून सांगितलं, "देखो, कोई नै दबा रा." त्यांना कुणी बोलायला सांगितलं नव्हतं.

करंडकाच्या समितीला ते पाठवलंय. सोबत माझ्या सहीचं पत्र: स्विच मी बदलले, खेळाडूला सांगितलं नाही, दोष मला आधीपासून माहीत होता, पंचांनी विचारल्यावर मी खोटं बोलले. त्याचीच एक प्रत पुण्याच्या कंपनीला पाठवली. माझेच पारदर्शक स्विच ते जानेवारीत बाजारात आणणार होते. उन्हात बसलेल्या आणखी कुणाचं तरी बटण असंच दाबलं गेलं असतं.

जिन्यात मी खालांना विचारलं, मी येत जाऊ की नको? त्या म्हणाल्या, "नाम साफ होने तक आती जा. बाद का बाद में."

प्रेरणा

२१ डिसेंबर २०२५

लाइबा,

गुरुवारी समितीचं पत्र आलं. तुझी बंदी उठली. तुझ्या नावापुढचा तो शब्द काढलाय आणि खाली खुलासा छापलाय. तुलाही पत्र पाठवलंय म्हणाले. कारभारी सरांनी स्वतः फोन केला. मला म्हणाले, "मी मान वर करून झालरीकडं बघायला पाहिजे होतं." मी म्हणाले, "सर, मी बघितली होती."

पुण्याच्या कंपनीनं करार मोडला. मला वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर ते आणखी एक खोटं होईल. दोन दिवस घास गेला नाही. पण दोन दिवसच.

आणि आज खालांनी बोलावलं. मी गेले तर त्यांनी त्यांचा फोन माझ्या हातात दिला आणि स्वतः गच्चीवर गेल्या. तू होतीस.

फोन ठेवल्यावर तू जे बोललीस ते मी लगेच खालांच्या कापडं मोजायच्या वहीत उतरवून ठेवलं. एक अक्षर इकडचं तिकडं होऊ नये म्हणून. बरोबर आहे का बघ.

तू म्हणालीस: "प्रेरणा, तुला नऊ मार्चलाच माहीत होतं. मला नव्हतं. पंचानं तुला विचारलं आणि तू म्हणालीस कीबोर्डात दोष नाय. तू म्हणालीस म्हणजे नसणारच. तुझ्या हातचा कीबोर्ड चुकतो व्हय कधी? मग मी म्हटलं, माझीच करंगळी थरथरली. मला कळलं बी नाय इतकी. इथं आल्यावर नसांच्या डॉक्टरकडं गेले. त्यांनी हाताला सुया टोचून मशीन लावलं. काय निघालं नाय. मग दुसऱ्याकडं गेले. फुफू म्हणायची, वहम है तेरा. तुझं तिसरं पत्र येईपर्यंत मी डाव्या हातात चहाचा कप धरला नाय. सात महिने. लोक मला फसवी म्हणाले, म्हणू दे. मी माझ्या बोटालाच फसवं समजत बसले."

मी काहीतरी बोलणार होते. तू म्हणालीस, "पत्रं बास कर आता. पंचाला तू तोंडानं सांगितलं होतंस." आणि फोन ठेवलास.

मला वाटत होतं मी तुझी एक ट्रॉफी घालवली, दोन वर्षं घालवली, नाव घालवलं. त्याची परतफेड कशी करायची याचाच विचार मी नऊ महिने करत बसले. तू माझ्यावर इतका विश्वास ठेवशील की त्यापायी स्वतःच्या हातावरचा काढून घेशील, हे माझ्या डोक्यात एकदासुद्धा आलं नाही. मी तुमच्या मशीनजवळ बसून मोठमोठ्यानं रडले. खाला खाली आल्या, पाठीवर हात ठेवला नाही, पण शेजारी बसल्या.

मग विचारलं, "उसने आने कू बोली क्या?"

मी म्हणाले, "नाही."

"मत आ, ऐसा बोली?"

"नाही."

"तो फिर?"

प्रेरणा

२७ डिसेंबर २०२५
रेल्वे स्टेशन, फलाट क्रमांक एक

लाइबा,

पत्रं बास कर म्हणालीस आणि मी पुन्हा लिहितेय. हे शेवटचं. गाडी चाळीस मिनिटं उशिरा आहे आणि माझे हात रिकामे बसत नाहीत.

कीबोर्ड आणलेला नाही. स्विच नाहीत, स्प्रिंगा नाहीत, भेटवस्तू नाही. खालांनी तुझ्यासाठी डब्यात काहीतरी दिलंय, तेवढंच आहे. बसल्या बसल्या तोंडातल्या तोंडात वाक्यं म्हणून बघतेय. शेजारचे एक आजोबा माझ्याकडं संशयानं बघायला लागलेत. लिहायला बसले की चार पानं होतात, आणि बोलायला गेले की दोन वाक्यांच्या पुढं जात नाही. दोनच पुरे आहेत बहुतेक.

हे पत्र मी इथल्याच पेटीत टाकणार आहे. ते तुला तीन-चार दिवसांनी मिळेल. मी उद्याच पोचेन. म्हणजे तू हे वाचत असशील तेव्हा दार उघडलं की नाही हे तुला माहीत असेल, आणि मला आत्ता ते माहीत नाही.

उघडलं असशील तर पुढचं वाचू नको, ते तू ऐकलेलं असेल. उघडलं नसशील, तर मी जिन्यातच उभी राहिले होते असं समज. फुफूला, वरच्या मजल्यावरच्यांना, समोरच्या घरातल्यांना, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलले होते. लाइबाचं बोट हललं नव्हतं. मी खोटं बोलले.